कपाटातल्या काळ्या कॅसेट्स: चित्र बिघडलं, आवाज गेला, म्हणजे नेमकं काय झालं?



ज्यांच्या घरी १९८५ ते २००० या काळात लग्न, वर्षीतपाचं पारणं, दीक्षा किंवा नुसतं बारसं झालं असेल, त्यांच्या लोखंडी कपाटात जुन्या साड्यांच्या मागे काळ्या व्हिडिओ कॅसेट्स असणारच. शिरूरला आमच्या घरी एकोणीस आहेत, दौंडला माहेरी सात. गेलं वर्षभर मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेण्याच्या मागे होते. त्यातून जे समजलं ते आज लिहिते आहे, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींकडून एकच वाक्य ऐकते, "कॅसेट खराब झाली हो, काही दिसतच नाही, टाकून दिली."

मी बी.कॉम. झालेली. ताळेबंद जुळला नाही तर वही फाडायची नसते, फरक कुठून आला ते शोधायचं असतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. कॅसेटचंही तसंच आहे. चित्रात पट्टे आले, आवाज घोगरा झाला, रंग गेले, तर प्रत्येक दोषाचं कारण वेगळं असतं आणि त्यातली बरीच कारणं कॅसेटच्या बाहेर असतात. ती ओळखायची तर ही वस्तू आपल्या घरात आली कशी आणि चालते कशी, हे थोडं माहीत हवं.

कॅसेट घरात आली कशी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी, म्हणजे १९७३ मध्ये, पुण्याची सोय झाली आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून चित्र दिसू लागलं. पुढे टीव्ही आमच्याही घरी आला. दौंडला माहेरी गच्चीवर उंच बांबूला अँटेना बांधलेला होता. वारा सुटला की भाऊ वर जाऊन तो फिरवायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, "आलं, आलं, गेलं!" १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी टीव्ही रंगीत झाला आणि त्याच सुमारास व्हीसीआर हा शब्द आपल्या कानावर पडू लागला.

जपानमध्ये सोनीने १९७५ मध्ये बेटामॅक्स आणली आणि १९७६ मध्ये जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस. बेटामॅक्सचं चित्र थोडं सरस असं लोक म्हणत, पण तिच्या पहिल्या कॅसेटमध्ये एकच तास मावायचा, व्हीएचएसमध्ये दोन. घरी पिक्चर बघणाऱ्याला दोन तास हवे होते. शेवटी व्हीएचएस जिंकली. आपल्याकडे या मशिनी पहिल्यांदा आल्या त्या आखाती देशांतून, सिंगापूरहून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानात. ज्यांच्याकडे कुणी परदेशात नव्हतं ते रात्रभरासाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन पिक्चरच्या कॅसेट भाड्याने आणायचे. अख्खी गल्ली सतरंजी टाकून बसायची.

मग फोटो स्टुडिओवाल्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि लग्नाच्या यादीत मंडप, आचारी, बँड यांच्या जोडीला 'व्हिडिओ शूटिंग' ही ओळ आली. आठवतंय ना? एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्या पोऱ्याच्या हातात हॅलोजनचा दिवा, मागे लांबलचक वायर. दिवा तोंडावर आला की नवरी डोळे मिचकावायची आणि पंगतीतल्या बायका पदर सावरायच्या. आज त्या कॅसेटमध्ये चेहरे पांढरेफटक आणि मागची माणसं काळोखात दिसतात, तो त्या दिव्याचा परिणाम आहे. तो दोष जन्मापासूनचा आहे, कुठल्याही सॉफ्टवेअरने तो पुरता जात नाही.

आवाजाचंही तसंच. कॅमेऱ्याला चिकटलेला छोटा माइक बँडही पकडायचा, वायरवाल्या पोऱ्याचं बोलणंही पकडायचा, आणि ज्यांचा आवाज हवा त्या दहा फूट लांब. स्टुडिओवाल्याकडे याचा एकच उपाय होता, 'मिक्सिंग'. मूळ आवाज काढून त्यावर गाणी चढवायची. मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत सनई आणि पाठवणीला रडायचं गाणं. तेव्हा ते आपल्याला आवडायचं, त्याचे जास्त पैसेही आपण दिले. पण त्यामुळे हजारो घरांत आई-आजींचे चेहरे हलताना दिसतात आणि त्यांचा आवाज मात्र कुठेच नाही.

आत काय आहे

कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकची अर्धा इंच रुंद पट्टी. तिच्यावर लोहाच्या संयुगाची बारीक पूड एका डिंकासारख्या पदार्थाने बसवलेली असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अशी अडीचशे मीटरहून लांब फीत असते. चित्र त्या पुडीत चुंबकाने लिहिलेलं असतं. व्हीसीआरमध्ये एक चकचकीत धातूचा ढोल फिरतो, आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला पंचवीस वेळा. त्याच्या कडेला दोन बारीक 'हेड' असतात. फीत त्या ढोलाला तिरपी गुंडाळली जाते, म्हणून चित्राच्या रेघा फितीवर तिरप्या उमटतात. एकेका रेघेची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी.

मग नेहमीचा आवाज कुठे असतो? फितीच्या वरच्या कडेला, एका सरळ अरुंद पट्टीत. खालच्या कडेला तिसरी पट्टी असते, तिच्यावरून मशीनला कळतं की चित्राची रेघ कुठे सुरू होते. म्हणजे एका फितीवर तीन वह्या: मध्ये चित्र, वर आवाज, खाली हिशेब. यातली एक बिघडली म्हणजे बाकीच्या दोन बिघडल्या असं नाही. एवढं डोक्यात बसलं की निम्मं कोडं सुटतं.

आणखी एक गोष्ट. व्हीएचएसची फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. गाण्यांची साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. फीत जितकी हळू, तितका त्या सरळ पट्टीतला आवाज दबका. कुणी पैसे वाचवायला तीन तासांच्या कॅसेटवर 'एलपी' करून सहा तास भरले असतील तर वेग आणखी निम्मा. तेव्हा भजनाचा आवाज घोगरा वाटला तर त्यातलं थोडं घोगरेपण कॅसेटच्या जातीचंच आहे, हे समजून घ्यावं.

दोष आणि त्याचं मूळ

आता एकेक खूण घेऊ.

सगळ्या चित्रावर पांढरी साखर सांडल्यासारखं दिसतं: बहुतेक वेळा हेड घाण झालेलं असतं. एक बिघडलेली फीत चालवली की तिची पूड हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब दिसू लागतात. म्हणून आधी दुसरी, चांगली चालणारी कॅसेट लावून बघा. तीही तशीच दिसली तर रोग मशीनला आहे. हेड जाणकाराकडूनच पुसून घ्यावं. ते कानकोरणीच्या कापसाने वरखाली घासलं तर तुटतं.

चित्रावर आडवा पट्टा फिरतो आणि त्यात करकर दिसते: हे 'ट्रॅकिंग'. कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याची ठेवण आणि आता वाचणाऱ्या मशीनची ठेवण जुळत नाही. व्हीसीआरवरचं ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवत राहायचं. जमलं नाही तर दुसऱ्या व्हीसीआरवर लावायचं. एका मशीनवर न दिसणारी कॅसेट दुसऱ्यावर स्वच्छ दिसते, हे मी स्वतः तीन वेळा पाहिलं.

अगदी खालच्या कडेला चार-सहा रेघा वेड्यावाकड्या: हा दोषच नाही. एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जाताना प्रत्येक व्हीएचएसमध्ये तसं होतं. जुने टीव्ही चित्राची कड चौकटीआड लपवायचे म्हणून आपल्याला कधी दिसलं नाही. कॉम्प्युटर सगळं दाखवतो.

वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वाकतो: फीत ताणली गेली आहे किंवा तिचा ताण मशीनमध्ये नीट बसत नाही. जुना टीव्ही हे सावरून घ्यायचा, आजचं यूएसबीचं स्वस्त यंत्र सावरत नाही. मध्ये 'टाइम बेस करेक्टर' नावाचं उपकरण, किंवा ते आत असलेला व्हीसीआर वापरला तर बराच फरक पडतो. पैसे घेऊन काम करणाऱ्याला हा एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्याकडे टीबीसी आहे का? त्याच्या चेहऱ्यावरून तुम्हाला बरंच कळेल.

चित्र काळं-पांढरं येतं: कॅसेट अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली आहे का ते आठवा. तिकडची रंगांची पद्धत एनटीएससी, आपली पाल. आपल्या जुन्या मशीनवर त्या कॅसेटचे रंग जातात किंवा चित्र फिरत राहतं. दोन्ही पद्धती ओळखणारं मशीन लावलं की रंग परत येतात. कधीकधी नुसती वायर चुकीच्या भोकात असते.

आवाज एकाच कानात: जुना व्हीसीआर एकाच वायरीतून आवाज देतो. पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची, त्यातली एकच भरलेली. कॉम्प्युटरवर तोच आवाज दोन्ही बाजूंना घेता येतो. पाच मिनिटांचं काम.

आवाज रजईखालून आल्यासारखा दबका: वरच्या पट्टीचा आवाज वाचणारं हेड घाण आहे किंवा किंचित तिरकं झालं आहे. जाणकार माणूस स्क्रूचा एक बारीकसा आटा फिरवतो आणि शब्द उघडतात. नंतर कॉम्प्युटरवर आवाज 'साफ' करण्यापेक्षा आधी इथे दुरुस्ती करावी. आलेलं नसलेलं नंतर कुठून आणणार?

सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तासाभराने सुटतात: हा दोष कॅसेटचा नाही. भरून घेताना कॉम्प्युटरने मधली चित्रं गाळली. पुन्हा भरायचं, आणि त्या वेळी कॉम्प्युटरवर दुसरं काही चालू ठेवायचं नाही.

फितीच्या कडेवर पांढरी बुरशी: कॅसेटची खिडकी उजेडात धरली की दिसते. पावसाळ्यात ओल लागलेल्या भिंतीतल्या कपाटात हे हमखास होतं. अशी कॅसेट मशीनमध्ये मुळीच घालू नका. फीत तुटते, मशीन खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून साफ करणाऱ्याकडेच द्या.

एका कॅसेटचा हिशेब

आता माझ्यासाठी महत्त्वाची कॅसेट. माझ्या धाकट्या नणंदबाईंनी १९९३ मध्ये दीक्षा घेतली. आदल्या दिवशी घरी विदाई समारंभ झाला आणि मग वरघोडा निघाला. दीक्षेनंतर त्या महासतीजी झाल्या. आपण दर्शनाला जातो, मांगलिक ऐकतो, पण घरातली ती मुलगी त्या दिवशी संपते. सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत आणि डोळ्यांनी फारच कमी दिसतं. त्यांना विदाईच्या वेळी मुलगी काय बोलली ते एकदा ऐकायचं होतं. एवढीच इच्छा.

पहिल्यांदा आम्ही कॅसेट एका दुकानात दिली. आठ दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. मध्ये पट्टा, वरचा भाग वाकलेला, आवाज एका कानात, आणि निरोप असा की कॅसेट संपली आहे, यापेक्षा जास्त निघणार नाही. दौंडचा माझा भाचा हट्टी. त्याने दुसरा व्हीसीआर मिळवला, हेड साफ करून घेतलं, ट्रॅकिंग जुळवलं. पट्टा गेला. वाकणं कमी झालं. आवाज दोन्ही बाजूंना आला. चित्र असं की नणंदबाईंच्या हातावरची मेहंदी ओळखू येते.

पण बोलणं कुठे होतं? त्या जागी स्तवन वाजत होतं. मिक्सिंग! अकरा मिनिटं त्या बोलत आहेत, समोर बायका डोळे पुसत आहेत आणि ऐकू येतं ते पेटीवरचं स्तवन.

इथे इतिहास उपयोगी पडला. मिक्सिंगची कॅसेट ही नक्कल असते, मूळ भरलेली कॅसेट वेगळी. स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता आणि अशी मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरायची रीतच होती. मग आमच्या ह्यांना आठवलं की मुंबईचे मामा तेव्हा हातात मावणारा छोटा कॅमेरा घेऊन आले होते. त्याची कॅसेट गाण्याच्या कॅसेटएवढी, तिला व्हिडिओ एट म्हणतात, सोनीने १९८५ मध्ये आणलेली. तिच्यात आवाज कडेच्या सरळ पट्टीत नसून चित्राबरोबरच तिरप्या रेघांत भरलेला असतो, म्हणून तो व्हीएचएसच्या कडेच्या पट्टीपेक्षा स्वच्छ असतो. मामींनी ती कॅसेट औषधांच्या डब्यात जपली होती. भाच्याने मित्राच्या वडिलांचा त्याच जातीचा कॅमेरा मागून आणला. चित्र हलतं, मामांचा अंगठा मध्ये येतो, पण शब्द न् शब्द ऐकू येतो.

सासूबाईंनी एका दुपारी सामायिक झाल्यावर तो ऐकला. पूर्ण अकरा मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मागे जी हुंदके देते आहे ना, ती माझी मोठी जाऊ. आणि मध्ये 'पाणी द्या' म्हणतो तो तुझा सासरा." सासरे १९९६ मध्ये गेले. त्यांचा आवाज त्या कॅसेटमध्ये आहे हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सासूबाई नसत्या तर ते कळलंही नसतं.

मैत्रिणींनो, हे लक्षात घ्या. मशीन फीत वाचतं, पण कोणता आवाज कुणाचा हे घरातलं वयस्कर माणूसच वाचू शकतं. जपानमधली फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, तिने जुलै २०१६ मध्ये ते काम बंद केलं. चुंबकीय फितींवरचा ठेवा उतरवून घ्यायला साधारण २०२५ पर्यंतच वेळ आहे, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच दिला होता. २०१९ मध्ये युनेस्कोनेही याच धोक्याकडे जगाचं लक्ष वेधलं. ते वर्ष उलटलं म्हणून कॅसेट एका रात्रीत मेल्या नाहीत, पण मशीन, सुटे भाग आणि दुरुस्त करणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. तीच गोष्ट आपल्या घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांची.

मोठ्यांनी गमावलं, घरांनी राखलं

असं वाटू शकतं की आपल्या घरगुती कॅसेटचं एवढं काय? मोठ्या संस्थांचं काय झालं ते बघा. बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत महागड्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. 'डॉक्टर हू' या त्यांच्या लोकप्रिय मालिकेचे कितीतरी भाग असे गेले. त्यांचा आवाज मात्र वाचला, कारण प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भरला होता. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या चित्राच्या मूळ टेपही बहुधा पुसून वापरल्या गेल्या, असं नासाने २००९ मध्ये सांगितलं. मग दूरचित्रवाणी केंद्रांकडच्या नकला गोळा करून ते चित्र सुधारावं लागलं. आपल्याकडे दूरदर्शनवरही टेप पुसून वापरल्या गेल्या आणि सुरुवातीच्या वर्षांतले कितीतरी कार्यक्रम आज उरले नाहीत.

याउलट आपल्या तालुक्यातलं एक उदाहरण देते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. त्यात शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकाही आहेत. पिठाची गिरणी आली, जातं माळ्यावर गेलं, आणि ओवी म्हणायचं कारणच संपलं. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकता येतात. सविंदण्याच्या शेतकरी बाईचा आवाज आज जगात कुणीही ऐकू शकतं, कारण कुणीतरी वेळेवर भरून घेतला आणि वेळेवर पुढच्या माध्यमात उतरवला.

आपल्या समाजातलंही एक उदाहरण आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. ८ सप्टेंबरला, म्हणजे सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, त्यांनी मराठीत शेवटचा उपदेश केला. तो सुमारे बावीस मिनिटांचा आहे. तो ध्वनिमुद्रित झाला, म्हणून आज पंथाचा भेद बाजूला ठेवून आपण कुणीही तो त्यांच्याच आवाजात ऐकू शकतो. एवढ्या वर्षांत यंत्रं किती बदलली! दर वेळी कुणीतरी नक्कल केली म्हणूनच तो उरला.

मग हा मोह नाही का?

हा प्रश्न मला आमच्या मंडळात एकीने विचारला, आणि तो योग्य आहे. जे गेलं ते धरून का बसायचं? मी चातुर्मासात महासतीजींच्या दर्शनाला गेले तेव्हा त्यांच्या कानावर घातलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला दाखवू नका. माझं तिथे काही नाही. पण आईंच्या मनाला समाधान मिळत असेल तर तुमचं तुम्ही बघा." मला वाटतं उत्तर त्यातच आहे. रोज लावून रडत बसलो तर तो मोह. एकदा नीट उतरवून, नावं लिहून पुढच्या पिढीला देणं हे घरातल्या मोठ्यांचं देणं फेडणं आहे. आपल्या ज्ञानभांडारांनी ताडपत्रं आणि पोथ्या अशाच जपल्या. जुनी पोथी जीर्ण झाली की लेखक बसवून नवी प्रत करायची, ही आपलीच परंपरा आहे.

आणि सगळंच ठेवायचं असंही नाही. पंगतीचं पाऊण तासाचं चित्रण मुलांना बघायला देऊ नका, ते पळून जातील. पूर्ण उतरवलेली प्रत न कापता एका ठिकाणी ठेवा आणि त्यातून दहा-पंधरा मिनिटांची छोटी प्रत सगळ्यांसाठी करा.

कामाची यादी

एक जुनी वही घ्या आणि रकाने आखा: कॅसेटचा नंबर, वर लिहिलेलं नाव, खरं काय आहे, साल, कोणकोण आहे, कोणाचा आवाज, दोष, कुठे उतरवली. ही खतावणी कॅसेटइतकीच मोलाची आहे.

ज्ञानपंचमीला आपण पोथ्या-पुस्तकं बाहेर काढतो, पुसतो, हवा देतो. त्याच दिवशी कॅसेटही बाहेर काढा. बुरशी बघा, कोरड्या कपड्याने डबे पुसा, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. स्पीकरजवळ नको, पत्र्याखालच्या माळ्यावर नको. कॅसेटच्या पाठीमागे एक छोटी प्लॅस्टिकची चकती असते, ती तोडून टाका, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही.

उतरवताना म्हाताऱ्या माणसांचे आवाज असलेल्या कॅसेट आधी घ्या, लग्नं नंतर. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, घाई चालत नाही. काम बाहेर दिलंत तर आधी एकच कॅसेट द्या, निकाल बघा, मग बाकीच्या. "यापेक्षा जास्त निघणार नाही" असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या मशीनवर एकदा नक्की बघा. एकाच प्रसंगाची दुसरी कॅसेट मामा, काका, आत्या यांच्याकडे आहे का ते विचारा. उत्तम प्रत तासाला साधारण १३ जीबी जागा घेते, छोटी प्रत त्याच्या पाव भागात बसते. दोन वेगळ्या हार्डडिस्क, दोन वेगळ्या घरांत: आमची एक शिरूरला, एक दौंडला. नुसत्या डीव्हीडीवर विसंबू नका, त्याही खराब होतात. आणि उतरवून झालं तरी मूळ कॅसेट टाकू नका, उद्या अधिक चांगलं मशीन मिळू शकतं.

आमच्या सव्वीसपैकी एकवीस झाल्या. तीन बुरशीच्या आहेत, त्या साफ करायला दिल्या आहेत. दोन एनटीएससीच्या, त्यांचं मशीन भाचा शोधतो आहे. तुमच्या वहीत पहिली ओळ कोणत्या कॅसेटची आली ते मला जरूर कळवा, आणि कुणाकडे दोन्ही पद्धती ओळखणारा चालू व्हीसीआर असेल तर तेही.

जय जिनेंद्र.